लिलार्डला सोडलं तरी ११ कोटी २६ लाख डॉलर द्यायचेच? एनबीएतल्या गॅरंटीड पगाराबद्दल

पिकअँडरोल

२०२५ च्या जुलैत एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या मिलवॉकी बक्सनी डेमियन लिलार्डला सोडलं तेव्हापासून हा धागा काढायचा होता. त्या एप्रिलमध्ये प्लेऑफ्समध्ये इंडियानाविरुद्ध त्याचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध फाटला, पुढचा अख्खा सीझन तो खेळणार नाही हे उघड होतं, आणि त्याच्या कॉन्ट्रॅक्टची २ वर्षं शिल्लक होती, मिळून ११ कोटी २६ लाख डॉलर. बक्सनी त्याला वेव्ह केलं, ती रक्कम ५ सीझन्सवर पसरवली आणि पगाराच्या मर्यादेत मोकळ्या झालेल्या जागेत माइल्स टर्नरला घेतलं. आपल्याकडच्या सगळ्या ग्रुप्सवर एकच सूर होता, की बघा, घरी बसून एवढे पैसे, मज्जाय बुवा.

मला हा सूर पटत नाही. एक तर तो माणूस पायाच्या पोटरीतली रक्ताची गाठ बरी करून परत मैदानात उतरला होता आणि टीमसाठी खेळतानाच जखमी झाला. आणि दुसरं म्हणजे गॅरंटीड म्हणजे काय हेच नीट माहीत नसतं. खूप जणांना वाटतं की एनबीएचा नियमच आहे, सगळ्यांचा पगार आपोआप पक्का. तसं नाहीये. लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधला जो मोठा करार आहे तो गॅरंटीला परवानगी देतो, तिच्या मर्यादा ठरवतो, पण कुणाला किती गॅरंटी हे प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. खेळ खालावला म्हणून काढलं तर संरक्षण, दुखापत झाली तर संरक्षण, मानसिक आजार, मृत्यू, या सगळ्याचा वेगवेगळा उल्लेख असतो आणि एजंट एकेका कलमासाठी भांडतो. स्टार लोकांना सगळंच्या सगळं मिळतं म्हणून आपल्याला तो नियम वाटतो. बेंचवरच्या चौदाव्या-पंधराव्या माणसाचं कॉन्ट्रॅक्ट बघितलं तर चित्र एकदम वेगळं दिसतं.

ज्यांना यातलं माहितेय त्यांनी भर घाला, शंका असतील तर विचारा.

शिवाजीपार्ककर

चांगला विषय. मी क्रिकेटवाला, बास्केटबॉल गेली काही वर्षं मुलामुळे बघायला लागलो, सकाळी साडेपाचला त्याच्याबरोबर उठतो. आयपीएलमध्ये पूर्ण सीझन उपलब्ध राहिलात तर एकही मॅच न खेळता पूर्ण पैसे मिळतात हे माहितेय. पण तिथे एका सीझनचा हिशेब असतो, इथे चार-चार पाच-पाच वर्षांची गोष्ट आहे. तर हे वेव्ह करणं म्हणजे नक्की काय? काढून टाकलं असेल तर कॉन्ट्रॅक्ट संपलं ना?

पिकअँडरोल

@शिवाजीपार्ककर, नाही संपत, तीच गंमत आहे. वेव्ह केलं की पुढचे ४८ तास बाकीच्या टीम्सना संधी असते, कुणी त्याला क्लेम केलं तर कॉन्ट्रॅक्ट जसंच्या तसं त्या टीमकडे जातं, पगारासकट. कुणीच घेतलं नाही तर खेळाडू मोकळा, कुठेही सही करू शकतो, पण आधीच्या टीमने गॅरंटी दिलेली रक्कम त्या टीमच्याच डोक्यावर राहते. महागडं कॉन्ट्रॅक्ट असलं की कुणीही क्लेम करत नाही, कारण दोन दिवस थांबलं की तोच माणूस किमान पगारात मिळतो. रक्कम नुसती द्यावी लागते असंही नाही, ती सॅलरी कॅपच्या, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर जी मर्यादा असते तिच्या, हिशेबातही बसते. मालकाकडे पैसे असतात हो, रोख रकमेचं दुखणं फार नसतं. दुखतं ते कॅपचं. जो माणूस टीममध्येच नाही त्याच्या नावाने जागा अडून राहते.

मीनल_टेक्सास

वाचतेय. इथे डॅलसजवळ राहते त्यामुळे ऑफिसमध्ये अमेरिकन फुटबॉलचीच चर्चा जास्त, आणि तिथे हा फरक कायम जाणवतो. त्यांच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, पेपरला येतं अमक्याचं ५ वर्षांचं इतक्या कोटींचं कॉन्ट्रॅक्ट, पण त्यातला गॅरंटीड भाग किती हे बघायचं असतं, बाकीचे पैसे पुढच्या वर्षी टीमने ठेवलं तर. म्हणून तिथे सगळं भांडण सायनिंग बोनसवर, म्हणजे सही करताना मिळणाऱ्या रकमेवर. २०२२ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सनी डेशॉन वॉटसनला ५ वर्षांचे २३ कोटी डॉलर सगळेच्या सगळे गॅरंटीड दिले तेव्हा बाकीच्या मालकांचा संताप संताप झाला होता, कारण उद्या प्रत्येक क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा मुख्य खेळाडू, तेच मागणार. एनबीएमध्ये तेच चालू रीतीचं आहे.

मला वाटतं कारण सरळ आहे. एका टीममध्ये १५ जण, त्यातला एक माणूस अख्खा खेळ फिरवतो, त्यामुळे त्याच्या हातात ताकद आहे. फुटबॉलमध्ये ५३ जणांचं रोस्टर आणि दर रविवारी कुणीतरी जखमी. मालक तिथे गॅरंटी द्यायला घाबरतो, आणि खरं तर जिथे माणूस जास्त मोडतो तिथेच गॅरंटी जास्त हवी.

हिशेबनीस

पेशाने सीए आहे त्यामुळे मला या सगळ्यात स्ट्रेच हा भाग सगळ्यात आवडतो, तो कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

२०११ च्या करारात हे कलम आलं. टीमने खेळाडूला वेव्ह केलं तर उरलेली रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक १ इतक्या वर्षांवर पसरवता येते. लिलार्डची २ वर्षं उरली होती, म्हणून ५. ११ कोटी २६ लाख भागिले ५, म्हणजे दरवर्षी सव्वादोन कोटी डॉलर बक्सच्या कॅपवर २०२९-३० पर्यंत. निकोलस बाटुमचं शार्लटकडे १ वर्ष उरलं होतं, २ कोटी ७१ लाख, ते ३ वर्षांवर गेलं, दरवर्षी ९० लाख, आणि त्या जागेत त्यांनी गॉर्डन हेवर्डला घेतलं. कर्जाचे हप्ते वाढवून घेतले की महिना सुसह्य होतो पण कर्ज लांबतं, अगदी तसंच.

आता यात तारखेची एक मेख आहे. ३१ ऑगस्टपर्यंत वेव्ह केलं तर चालू सीझनसुद्धा पसरतो. १ सप्टेंबर उजाडला की चालू सीझनची रक्कम जागेवरच राहते, फक्त पुढची वर्षं पसरतात. लुओल डेंगचं उदाहरण घ्या. लेकर्सनी २०१६ मध्ये त्याला ४ वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले, २ वर्षांत कळलं की चुकलं, आणि २०१८ मध्ये १ सप्टेंबरला सोडलं. मुद्दामच त्या तारखेला. त्या सीझनचा पगार तिथेच घेतला आणि शेवटचं एकच वर्ष ३ वर्षांत वाटलं, दरवर्षी साधारण ५० लाख, २०२१-२२ पर्यंत. डेंगने स्वतः त्यात ७५ लाखांच्या आसपास सोडले होते. निक्सनी जोआकिम नोआला त्याच उन्हाळ्यात तेवढेच ७ कोटी २० लाख दिले होते, त्याचाही शेवट तसाच झाला.

२०१६ च्या उन्हाळ्यातलीच ही सगळी नावं का येतात, तर टीव्हीचा नवा करार लागू झाला आणि कॅप एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. प्रत्येक टीमच्या खिशात एकदम पैसे, बाजारात खेळाडू तेवढेच. डेंग, नोआ, मोझगोव्ह, बाटुम, सगळे त्याच महिन्यातले. खेळाडूंनी काय करायचं होतं, नको म्हणायचं होतं?

आणि १५ टक्क्यांचा नियम राहिला. अशा स्ट्रेच केलेल्या रकमा मिळून कुठल्याही वर्षी कॅपच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. २०२५-२६ ची कॅप १५ कोटी ४६ लाख, म्हणजे १५ टक्के साधारण २ कोटी ३२ लाख. लिलार्डचे सव्वादोन कोटी जेमतेम आत बसले. फीनिक्सचं तसं नव्हतं, त्यांच्याकडे नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल यांचे जुने हप्ते आधीच होते. म्हणून ब्रॅडली बीलला नुसतं सोडून भागलं नाही, त्याला आपल्या ११ कोटी ८ लाखांतले १ कोटी ३९ लाख सोडावे लागले, तेव्हा कुठे उरलेले ९ कोटी ७० लाख वर्षाला १ कोटी ९४ लाखांप्रमाणे त्या मर्यादेत आले. आकडा हवेतून आलेला नाही, वजाबाकी करून आलाय.

कोल्हापुरी_सेंटर

हिशेबनीस जबरदस्त. पण मी जरा दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. जॉन वॉल २०२१-२२ चा पूर्ण सीझन ह्यूस्टनमध्ये बसून राहिला, ४ कोटी ४३ लाख डॉलर घेतले, एक मिनिट खेळला नाही. दुखापतपण नव्हती. मी स्वतः जिल्हा पातळीवर खेळलोय, फाटक्या बुटात सिमेंटच्या कोर्टवर, आमच्या पोरांना प्रवासखर्च मिळायची मारामार. म्हणून असलं काही वाचलं की आत कुठंतरी लागतं. पगार खेळायचा असतो ना शेवटी?

पिकअँडरोल

@कोल्हापुरी_सेंटर, राग कसला, लागणारच. पण वॉलच्या बाबतीत दोष चुकीच्या माणसावर जातोय. ह्यूस्टनला तरुण पोरांना खेळवायचं होतं, हरून वरचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा नंबर, घ्यायचा होता, त्यांनी आणि वॉलने मिळून ठरवलं की त्याने खेळायचं नाही. त्याच सीझनमध्ये नोव्हेंबरअखेर तो म्हणाला मला परत खेळायचंय, तर टीम म्हणाली बेंचवरून यावं लागेल. खेळाडू कामाला हजर आहे आणि टीमलाच काम द्यायचं नाही, मग पगार का थांबावा? पुढच्या वर्षी ४ कोटी ७४ लाख येणे होते, त्यातले ६५ लाख सोडून त्याने बायआउट घेतला, म्हणजे तडजोड करून कॉन्ट्रॅक्टमधून मोकळा झाला, आणि क्लिपर्सकडे जवळपास तेवढ्याच पगारावर गेला. सोडलेले तिथे भरून निघाले. बायआउट बहुतेक असेच होतात, नव्या जागी जेवढे मिळणार साधारण तेवढं जुन्या टीमला सोडायचं.

आता उलट उदाहरण बघा. बेन सिमन्स त्याच वर्षी स्वतःहून फिलाडेल्फियासाठी खेळला नाही, मानसिक तयारी नाही म्हणाला, टीमने त्याचे २ कोटींच्या आसपास डॉलर रोखले. त्याने युनियनमार्फत दाद मागितली आणि २०२२ मध्ये तडजोड झाली, आतले आकडे बाहेर आले नाहीत. जा मोरंटला २०२३ मध्ये बंदुकीच्या व्हिडिओवरून २५ सामन्यांची बंदी, ७५ लाखांहून जास्त पगार गेला. तेव्हा गॅरंटी म्हणजे काहीही केलं तरी पैसे असं अजिबात नाही. टीम तुम्हाला नको म्हणाली तर पैसे मिळतात, तुम्ही खेळाला नको म्हणालात तर नाही.

आजोबा_जर्सी

त्यात लॅट्रेल स्प्रीवेलचं नाव राहिलं. १ डिसेंबर १९९७, सरावात कोच पी. जे. कार्लेसिमोचा गळा धरला. वॉरियर्सनी कॉन्ट्रॅक्टच रद्द केलं, लीगने वर्षाची बंदी घातली. युनियन लवादाकडे गेली आणि मार्च १९९८ मध्ये लवादाने कॉन्ट्रॅक्ट परत जिवंत केलं, बंदी ६८ सामन्यांवर आणली. त्याचे ६४ लाख गेले ते गेलेच, पण पुढची वर्षं वाचली. मी तेव्हा न्यू जर्सीत नवीन होतो, ट्रेनमध्ये लोक आठवडेच्या आठवडे यावरच बोलायचे. इतकं मोठं कृत्य करूनसुद्धा टीमला कॉन्ट्रॅक्ट फाडता आलं नाही, यावरून युनियनचं बळ समजा.

ते बळ आपोआप आलं नाही हेही लिहून ठेवतो. १९६४ च्या जानेवारीत बोस्टनला ऑल-स्टार मॅचच्या आधी खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर यायलाच तयार नव्हते, पेन्शनचं कबूल करा मग खेळतो. टीव्हीवर मॅच दाखवायची होती, मालकांना मानावं लागलं. १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसनने लीगवर खटला भरला, तो १९७६ मध्ये मिटला आणि तिथून टीम बदलण्याचं स्वातंत्र्य येत गेलं. २०११ च्या लॉकआउटमध्ये, म्हणजे नवा करार होईपर्यंत मालकांनी लीगच बंद ठेवली तेव्हा, मालकांच्या सुरुवातीच्या मागण्यांमध्ये गॅरंटी काढून टाकणं हे होतं. खेळाडूंनी उत्पन्नातला वाटा कमी करून घेतला पण गॅरंटी सोडली नाही.

गार्गी_के

सगळे कोट्यधीशांबद्दल बोलताय म्हणून मी खालच्या लोकांबद्दल लिहिते, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते.

आपला सतनाम सिंग. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू, सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर फोटो. लोकांना वाटलं झालं, आता करोडो डॉलर. पण पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या पगाराचं कॉन्ट्रॅक्ट आणि पहिल्या २ वर्षांची गॅरंटी असते, दुसऱ्या फेरीत कुणी काही देणं लागत नाही. तो डॅलसच्या खालच्या टीमकडे, टेक्सास लेजंड्सकडे खेळला, एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिम भुल्लरला सॅक्रामेंटोने १० दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू, आणि एकूण ३ मॅच खेळला. टीमचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, तरीपण कॉन्ट्रॅक्ट १० दिवसांचंच होतं. दहा-दहा दिवसांची दोन कॉन्ट्रॅक्ट झाली की त्याच टीमला एक तर सीझन संपेपर्यंतचं द्यावं लागतं नाहीतर सोडावं लागतं. बहुतेकांना सोडतात.

मग ते टू-वे वाले, एनबीए आणि खालची लीग दोन्हीकडे ये-जा करणारे. प्रत्येक टीमला ३ जागा, पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा, २०२५-२६ मध्ये ६ लाख ३६ हजारांच्या आसपास, आणि जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी टीमबरोबर. त्याखाली एक्झिबिट टेन नावाच्या कॉन्ट्रॅक्टवाले, हे ट्रेनिंग कॅम्पला येतात, वेव्ह होतात, मग खालच्या लीगमधल्या त्याच संघटनेच्या टीमकडे ६० दिवस राहिले तर ठरलेला बोनस. आणि सगळ्यात जीवघेणी तारीख १० जानेवारी. त्या दिवशी चालू सीझनची सगळी नॉन-गॅरंटीड कॉन्ट्रॅक्ट पक्की होतात. पण वेव्ह केल्यावर ४८ तास जायला लागतात म्हणून ७ जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत टीम्स माणसं सोडतात. कितीतरी पोरं ऑक्टोबरपासून रोज सराव करतात, मॅचला बेंचवर बसतात, आणि ७ जानेवारीला फोन येतो. तोवरचे दिवसाप्रमाणे पैसे मिळतात, पुढचं काही नाही. घरभाडं, बायको, लहान मूल, सगळं उचलून परत दुसऱ्या गावी. या पोरांची नावं कुणाच्या ग्रुपवर येत नाहीत.

कोल्हापुरी_सेंटर

गार्गीताई, हे माहीत नव्हतं. सतनामचं तर मला वाटायचं त्याला पुष्कळ मिळाले असतील. आमच्याकडची पोरं अजून त्याचं नाव घेतात.

अजून एक विचारतो, अर्धी गॅरंटी पण असते का? ख्रिस पॉलबद्दल तसं काहीतरी ऐकलं होतं.

हिशेबनीस

@कोल्हापुरी_सेंटर, असते, आणि ख्रिस पॉल हे सगळ्यात चांगलं उदाहरण. स्वतः युनियनचा अध्यक्ष राहिलेला माणूस. २०२१ मध्ये फीनिक्सबरोबर ४ वर्षांचं १२ कोटींचं कॉन्ट्रॅक्ट केलं, वय ३६. पहिली २ वर्षं पूर्ण पक्की, तिसऱ्या वर्षाच्या ३ कोटी ८ लाखांपैकी १ कोटी ५८ लाख पक्के, चौथं वर्ष अजिबात नाही. म्हणजे १२ कोटींचा मथळा, पण सहीच्या दिवशी हातातले पक्के साडेसात कोटी. २०२३ मध्ये त्याला बीलसाठी वॉशिंग्टनला पाठवलं, तिथून तो वॉरियर्सकडे गेला, आणि २०२४ च्या ३० जूनला, चौथं वर्ष पक्कं व्हायच्या आत, वॉरियर्सनी सोडला. तो सॅन अँटोनियोला १ कोटींच्या थोडं वर गेला. ३ कोटींचं वर्ष कागदावरच राहिलं. पेपरात आकडा आला की आधी विचारायचं, यातलं पक्कं किती आणि कुठल्या तारखेला.

मीनल_टेक्सास

आणि दुखापत इतकी वाईट असेल की माणूस परत खेळूच शकणार नाही, तर? ख्रिस बॉशला रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, तो फेब्रुवारी २०१६ नंतर खेळलाच नाही, मयामीशी वादही झाला होता.

पिकअँडरोल

@मीनल_टेक्सास, त्याचं ५ वर्षांचं ११ कोटी ८० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट होतं, २०१४ चं. मयामीने २०१७ च्या जुलैत सोडलं, त्याचा पगार कॅपमधून वगळला गेला, पण बॉशला पैसे पूर्ण मिळाले. म्हणजे बघा, डॉक्टरांच्या निर्णयावर टीमची कॅप मोकळी होऊ शकते, पण त्यासाठी खेळाडूचा पगार बुडवायची गरज पडत नाही. शिवाय लीगचा विमा असतो, टीममधल्या वरच्या पाच कॉन्ट्रॅक्ट्सना, आणि साधारण ४१ सामने चुकले की त्या पुढच्या पगाराचा मोठा भाग विमा कंपनी उचलते. म्हणून मालक कंगाल झाला वगैरे बातम्यांवर फार विश्वास ठेवू नका. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतलं हे सगळ्यात माणुसकीचं कलम आहे, पंचविशी-तिशीत शरीर वापरून कमवायचं आणि तेच शरीर कामावर मोडलं तर कुटुंब उघड्यावर पडत नाही.

शिवाजीपार्ककर

मुलाचा प्रश्न आहे, तो शेजारी बसून वाचतोय. लिलार्डने नंतर पोर्टलंडशी ३ वर्षांचं ४ कोटी २० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट केलं, मग त्याला दोन्हीकडून मिळणार का?

हिशेबनीस

मुलाला सांगा हो, दोन्हीकडून मिळू शकतं. फक्त सेट-ऑफ नावाचा हक्क असतो जुन्या टीमला. नव्या पगारातून एक वर्ष अनुभव असलेल्या खेळाडूचा किमान पगार वजा करायचा, उरलेल्याचं निम्मं, तेवढी रक्कम जुनी टीम आपल्या देण्यातून कमी करू शकते. किमान पगारावर सही केली तर फारसं काही कापलं जात नाही, आणि म्हणूनच वेव्ह झालेले मोठे खेळाडू मार्चमध्ये चांगल्या टीम्सकडे किमान पगारात जाताना दिसतात. बायआउटच्या बोलणीत हा हक्क सोडून द्यायचा की ठेवायचा हेही ठरतं. २०२३ च्या करारापासून एक बंधन वाढलंय, ज्या टीम्सचा एकूण खर्च पहिला एप्रन म्हणतात त्या, कॅपच्याही बऱ्याच वरच्या रेषेपलीकडे आहे त्यांना मिड-लेव्हलपेक्षा, म्हणजे कॅप ओलांडलेल्या टीमलाही देता येतो त्या ठरावीक पगारापेक्षा, जास्त पगाराचा वेव्ह झालेला खेळाडू त्या सीझनमध्ये घेता येत नाही. बील क्लिपर्सकडे २ वर्षांच्या १ कोटी १० लाखांवर गेला, ते उन्हाळ्यात, त्यामुळे तिथे हे आडवं आलं नाही.

त्याला कॅपच्या हिशेबाची आवड असेल तर बक्सच्या २०२५-२६ पासूनच्या ५ वर्षांचा तक्ता करायला द्या, सव्वादोन कोटींची ओळ प्रत्येक वर्षाखाली येते का बघ म्हणावं.